शंकासुर आणि माझ्या गाडीचा लाल दिवा

आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचं गॅरेज आहे त्या मिस्त्रींना सगळे शंकासुर म्हणतात, तोंडावरसुद्धा. कुलूप लावलं की ते तीनतीनदा ओढून बघणार. चहात साखर घातली म्हटलं तरी आधी चमचा चाटणार. "लग्नाच्या दिवशी भर गर्दीत विचारलं, मुलगी हीच ना म्हणून," असं त्यांची बायको सांगते, आणि ती थट्टा करत नसते.

याला कारण आहे. वडिलांचा ट्रक होता. ऑइलचा दिवा लागला नाही म्हणून ते निर्धास्त चालवत राहिले. दिव्याची वायरच तुटलेली निघाली. इंजिन जाम झालं आणि घरही बसलं. तेव्हापासून या गृहस्थांचा कशावर म्हणून भरवसा नाही, पाठच्या भावावरही नाही. अवघड कामं सगळी धाकटा करतो. तो घरी गेला की थोरला त्याचं काम तपासणार. एखादा जोड मनासारखा बसला नाही तर खोलून पुन्हा बसवणार. धाकट्याला हे ठाऊक होतं. तो निमूटपणे अपमान गिळत होता.

माझ्या गाडीचं इंजिन धाकट्याने नुकतंच बांधलं होतं. (या वयात मी गाडी चालवते, यावर ज्यांना बोलायचंय त्यांनी बोलावं.) चढावर रेस दिली की ऑइलचा दिवा लागायला लागला. मी तशीच गॅरेजात आणली.

थोरल्याने ऑइल मोजायची काडी काढून पुसली, पुन्हा बुडवली. ऑइल पुरेसं होतं. मग इंजिनावरचं दिव्याचं बटण काढून त्या जागी ऑइलचा दाब मोजायचा मीटर लावला. नुसतं इंजिन चालू असताना काटा ठीक. रेस वाढवली की वर चढायच्या ऐवजी खाली.

"पंप," थोरला म्हणाला, आणि भावाकडे बघितलं. "नवाच बसवलास ना?"

"दादा, तूच आणून दिलास."

"आणून दिला. बसवला कोणता?"

धाकट्याने हात पुसले. "रेस सोडली की काटा परत चढतोय. पंप गेला असता तर चढला असता? त्याच्या तोंडाशी काहीतरी येतंय."

"सारवासारव पुरे. पंप विकलास का, ते सांग."

मी म्हटलं, "मिस्त्री, जीभ आवरा." कोण ऐकतंय.

धाकटा शांतपणे म्हणाला, "उघड. जुना पंप निघाला तर मी इथे पाऊल ठेवणार नाही. नवा निघाला तरी ठेवणार नाही." त्याने खुंटीवरचा सदरा घेतला आणि दारातच उभा राहिला.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मलाही धाकट्याचाच संशय येऊ लागला होता. संशय सर्दीसारखा असतो, शेजारी बसलं की लागतो.

थोरल्याने ऑइल काढून इंजिनाच्या तळाचं, ऑइल साठतं ते चेंबर उतरवलं. पंप नवा होता. पण ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर निळे, रबरासारखे तुकडे चिकटून बसले होते. रेस वाढली की पंप जोरात ओढणार, तुकडे जाळीला घट्ट बसणार, ऑइल अडणार.

"सिलिकॉन," धाकटा दारातूनच म्हणाला. "मी चेंबरला कागदी पॅकिंग लावलं होतं. कोरडं."

सिलिकॉनची निळी ट्यूब थोरल्याच्या वरच्या खिशातून डोकावत होती. गळेल या शंकेने त्यानेच चेंबर पुन्हा उतरवून जाड थर फिरवला होता. बाहेर दिसला तेवढा त्याने पुसला. आत पिळून निघालेला त्याला दिसला नाही.

"बाई, तुम्ही घरी जा," तो मला म्हणाला.

"गाडी माझी आहे," मी म्हटलं आणि स्टूल पुढे ओढलं.

त्याने ट्यूब काढली आणि जळक्या ऑइलच्या डब्यात टाकली. मग भावाकडे न बघता म्हणाला, "चेंबर तू बसव. मी हात लावत नाही."

शेवटी धाकट्याने सदरा पुन्हा खुंटीला अडकवला. जाळी धुतली, नवं कागदी पॅकिंग घातलं, चेंबर चढवलं, नवं ऑइल ओतलं. थोरला हात पाठीमागे बांधून उभा. इंजिन सुरू झालं, रेस वाढली, काटा वर गेला आणि तिथेच थांबला.

थोरल्याने पाना उचलला. "एकच बोल्ट बघतो."

"दादा."

"बरं," तो म्हणाला, आणि पाना खाली ठेवला.