लाजत लाजत भरलेला वर्ग

लाजेचे किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. गावात प्रौढांचा वर्ग काढा, चार मिशीवाले बाप्ये पाटी देऊन बसवा, किस्से आपोआप दाराशी येऊन उभे राहतात! मी तेव्हा सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला नव्हता, सगळा मुलूख चांदा जिल्ह्याचाच. विद्यापीठानं ठरवलं, की शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी खेड्यांत वर्ग चालवायचे आणि शेवटी परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायचं. आमच्या गावचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. शिकवायला शहरातून एक तरुण प्रोफेसर येऊ लागले. पुस्तकं कमी होती, पण लाज इतकी, की आज आठवलं तरी माझे कान गरम होतात.

* * *

छापील टाइमटेबल आलं. वर्ग ऐन जुलैत सुरू! जुलै म्हणजे आमच्याकडे धानाची रोवणी. प्रोफेसर कोटबीट घालून बैलबंडीतून चिखल तुडवत आले, तर शाळेत मी एकटा.

"विद्यार्थी कुठं आहेत?"

मी खिडकीतून बोट दाखवलं. धानाच्या बांधीत नुसत्या वाकलेल्या पाठी! प्रोफेसर हार मानणाऱ्यातले नव्हते. ते थेट बांधावर जाऊन उभे राहिले आणि तिथूनच शिक्षणाचं महत्त्व सांगू लागले. बायांनी रोवणीचं गाणं थांबवलं. सगळं ऐकून घेतल्यावर एक म्हातारी म्हणाली, "बाबू, उभाच हाये तं रोपाची एक पेंडी तरी फेक ना इकडं!"

प्रोफेसरांनी मुकाट्यानं पेंडी फेकली. ती निम्म्या वाटेतच पडली. त्यानंतर वर्ग धान कापून झाल्यावर, दिवाबत्तीच्या वेळी भरू लागला.

* * *

पुस्तक आलं ते लहान पोरांचं. गावच्या कोतवालाचा आवाज असा, की दवंडी द्यायला त्याला डफड्याची गरजच पडत नसे. तो गृहस्थ नातवंडांचा धनी, आणि पहिलाच धडा वाचतोय, "आई, मला खाऊ दे. आई, मला बाहुली दे."

शाळेच्या मागून त्याची म्हातारी आई चालली होती. तिनं खिडकीतून डोकं घातलं आणि कळवळून म्हणाली, "घरी ये ना रे बाबा, देतो! इथी काऊन रडून राह्यला?"

वर्ग हसून लोळला. कोतवाल मान खाली घालून उठला, तो आठवडाभर आलाच नाही. प्रोफेसरांना फार लागलं ते. त्यांनी विद्यापीठात भांडून नवे धडे छापून आणले. त्यात तळं होतं, धान होतं, वाघही होता. कोतवालानं वाघाचा धडा असा वाचला, की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली!

* * *

मोठ्या वयात शिकतो हे कुणाला कळू नये म्हणून जो तो काहीतरी निमित्त काढून यायचा. कुणी कुऱ्हाड घेऊन, कुणी बैल हरवला म्हणत. तळ्यात मासे धरणारा गणपत रोज खांद्यावर जाळं टाकून यायचा. बायकोला वाटायचं, माणूस मेहनतीला लागला. पण रोज रिकामं जाळं घेऊन घरी कसं जायचं? त्यानं एकदा बाजारातून मासोळी आणून ठेवली आणि वर्ग सुटल्यावर जाळ्यात घालून नेली.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको वर्गाच्या दारात हजर! हातात जाळं.

"गुर्जी, तुमच्या तळ्यात वाळलेली मासोळी निंगते का जी?"

गड्यानं घाईत सुकट आणली होती! गणपतनं पाटीमागं तोंड लपवलं. त्यावर तिनं जे म्हटलं त्यानं आम्ही सगळेच ओशाळलो. "शिकाची लाज वाटते अन् खोटं बोलाची नाई?"

* * *

आता डोमाजींचं सांगतो. डोमाजी गावचे पंच. पंचायतीत सगळ्यांसमोर अंगठा उठवावा लागतो याची त्यांना भारी शरम. सर्टिफिकेट मिळालं की काच लावून भिंतीवर टांगणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

त्याच वर्गात त्यांची सून यशोदा. नवरा वारलेला, पदरात पोर. गावात बालवाडी निघणार होती. सर्टिफिकेट असेल तर तिथली शिकवणाऱ्या बाईची जागा तिला मिळणार होती. पण सासऱ्यासमोर सून मोठ्यानं बोलत नाही ही आमच्याकडची रीत! मग ती ओसरीवर दाराआड, डोक्यावर पदर घेऊन बसायची, उत्तर पाटीवर लिहायची आणि पाटी हातोहात आत यायची. उत्तर बहुतेक बरोबर असायचं. प्रोफेसरांनी हीही सोय मान्य केली. इतकी सगळी सोय केली, आणि परीक्षेचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

परीक्षक बाहेरचे. सगळ्यांना एका खोलीत बसवलं. एकेकानं मोठ्यानं धडा वाचायचा, उठून बाहेर गेला तो बाद. मी विनवलं, "साहेब, यशोदाबाईंची परीक्षा वेगळी घ्या." ते म्हणाले, "नियम सगळ्यांना एकच." खिडकीत निम्मं गाव लटकलेलं, सून सासऱ्यासमोर तोंड उघडते का ते बघायला.

यशोदाचं नाव पुकारलं. ती उभी राहिली. पदर नाकापर्यंत, पुस्तक उघडलेलं, आवाज नाही. परीक्षकांनी दोनदा घड्याळ बघितलं. मला तर मान वर करून बघायचीही लाज वाटत होती.

तेवढ्यात डोमाजी बसल्या जागी फिरले. भिंतीकडं तोंड केलं, पागोट्याचं टोक कानांवर ओढलं आणि खिडकीतल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाच माय. मी घरी गेलो."

यशोदानं वाचलं. सुरुवातीला चाचरत, मग धडा संपेपर्यंत न अडखळता. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं, "डोमाजी!"

कुणी उठलं नाही.

"डोमाजी! अहो, तुम्हीच ना?"

आमच्याकडं वळलेली पाठ हलली नाही. मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "डोमाजी, तुमचा नंबर आला. वळा इकडं."

"डोमाजी घरी हाये गुर्जी," ते भिंतीला म्हणाले. "साहेबाले सांगा, गैरहजर लिवा."