वेशीवरची नक्षी

नातवंडांनो, आमच्या शाळेतले इतिहासाचे सर परवा निवृत्त होत आहेत आणि त्यांची जुनी सहकारी म्हणून सत्काराचं भाषण माझ्याकडे आलंय. तिथे खरं बोलता येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

दर वर्षी सर सहलीच्या मुलांना कारंजा गावच्या जुन्या वेशीपाशी उभं करतात, छडीने हवेतच दोन-तीन सुलतान कापतात आणि वरच्या फारसी लेखाला ‘नक्षी’ म्हणतात. यंदा एक मुलगी म्हणाली, “सर, हे तं लिवेल हाय. गवंड्याचं नाव हाय. दादीनं शिकवलं मले वाचाले.”

“पेपरात नक्षीच येते, पोरी,” सर म्हणाले. “कायले मार्क घालवून राह्यली?”

तिने वहीत नावच लिहिलं. सरांनी त्यावर लाल फुली मारली. फुलीखाली ते नाव अजून स्वच्छ वाचता येतं.