पृथ्वीला अडीच फेरे

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी आखाडा बाळापूरला नवाच मास्तर झालो होतो आणि दहाचे घात शिकल्यापासून ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. घरी मेंढरं. बाचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झालेला, तरी दिवाळी होताच कळप घेऊन निघायची त्याची तयारी चालू. आईचा जीव टांगणीला. ती मला म्हणाली, "मास्तर झालास ना, मंग बसव तुज्या बाला घरी!"

मी बाला सांगितलं, पृथ्वीचा घेर साडेबारा हजार कोस. तेवढा तू चालला असशील तर घरी बसशील का? बाला गंमत वाटली.

"एक फेरा झाला आसंल तर बसतो. पर बराबर मोज."

तो सांगत गेला, मी पाटीवर मांडत गेलो. दहाचा तिसरा घात म्हणजे हजार, चौथा म्हणजे दहा हजार, हेही तोऱ्यात समजावलं. तीस वर्षांची दरसालची जाऊन-येऊन वाट झाली ४.८ गुणिले दहाचा तिसरा घात. गावाभोवतीची रोजची चराई २.७ गुणिले दहाचा चौथा घात. मी ऐटीत बेरीज ठोकली साडेसात, आणि घात तिसराच ठेवला.

"साडेसात हजार कोस!"

आईचं तोंड उतरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बा काठी घेऊन उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. त्याला अक्षरओळख नव्हती. मेंढरं तो इसावारी मोजायचा, वीस मेंढरांचा एक इसा.

"दोन इसे आन् वर पाच मेंढरं म्हंजे सात व्हतेत का रं? आदी समद्याचे इसे कर, न्हाईतर समदी सुटी मोज!"

मी खाली मान घालून ४.८ चे ०.४८ केले आणि दोन्ही आकडे चौथ्या घातात आणले. बेरीज ३.१८, म्हणजे एकतीस हजार आठशे कोस. पृथ्वीला अडीच फेरे घालून वर थोडे उरले.

"अडीच?" बा म्हणाला. "म्हंजे मी आत्ता पार पल्याडच्या अंगाला हाय. घरी यायाला आर्धा फेरा चालावाच लागंल की!"

आई हसता हसता रडायला लागली. बानं काठी, यंदाचा कळप न्यायला, दाराशी उभ्या माझ्या चुलत्याच्या हातात दिली आणि वहाणा काढल्या.

"ऱ्हायलेला आर्धा तुज्या आकड्यावर बसून येतो," मला म्हणाला.

चूक माझी होती. तो नुसता गप्प राहिला असता, तर त्या साली त्याला पुन्हा कळपामागं जायला मिळालं असतं.