शाळेच्या बाकावरचा सोमवार

“ताई, बाबांच्या नादी लागू नका. ते शाळेत जाऊन भांडले नसते, तर माझी मुलगी आज त्याच शाळेत दहावीला असती.”

हे वाक्य माझ्या मुलाचे आहे. गेल्या रविवारी सकाळी, कळंबोलीच्या आमच्या घरात, माझ्यादेखत त्याने ते एका बाईंना ऐकवले. त्या नावड्याहून माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या. “माजे पोरीला लिवाला जमत नाय, पन तोंडी इचारा, फटाफट सांगंल. तिला परीक्षेला लिवनारा मिलंल का, बाबा?” एवढेच त्यांचे मागणे होते. मुलाचे बोलणे ऐकून त्यांनी फाईल पिशवीत परत घातली, अर्धा चहा तसाच ठेवला आणि त्या निघून गेल्या. आतल्या खोलीत माझी नात होती. दार उघडे होते.

हीच हकिगत सुनेच्या माहेरी सांगितली जाते, सोसायटीच्या जिन्यातही सांगितली जाते. सात-आठ महिने मी ती मुकाट्याने ऐकली. आता तिच्यापायी एका परक्या मुलीचा अर्ज अडला आहे, म्हणून लिहितो.

आरोपात जेवढे खरे आहे, तेवढे आधी मान्य करतो. मी शाळेत गेलो. माझा आवाज चढला. शाळा सुटेपर्यंत मी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. खुर्ची आपटल्याचे जे सांगतात ते मात्र खोटे आहे. तिथे खुर्ची नव्हतीच.

नात तेव्हा नववीत होती. पुस्तक हाती घेतले की तिच्या ओळी सुटत, वेलांट्या हरवत, ‘भ’चा ‘म’ होई. तोच धडा मी वाचून दाखवला, की ती माझ्या वाचनातल्या चुका काढी. सरकारी रुग्णालयाच्या कित्येक फेऱ्यांनंतर तिला अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले. बुद्धीत काही उणे नाही, अडचण लिहिण्यावाचण्यात आहे, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक द्यावा, असा त्याचा आशय होता. मला तो कागद भिंतीवर लावावासा वाटला. सुनेने तो कपाटात साड्यांखाली ठेवला. “उद्या स्थळं बघताना कुणी विचारलं तर?” ती म्हणाली. मुलगी चौदा वर्षांची होती.

शाळेच्या फाटकावर फलक आहे: आमच्याकडे दहावीला कोणीही नापास होत नाही. कसे होत नाही, हे त्यावर लिहिलेले नाही. ज्यांचा भरवसा वाटत नाही, त्या मुलांच्या पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा सल्ला दिला जातो.

मी आयुष्यभर सरकारी कचेरीत मसुदे लिहिले. तोंडी केलेल्या विनंतीला मी विनंती मानत नाही. महिनाभर मुलगा “मी बोललोय मॅडमशी” एवढेच सांगत राहिला, तेव्हा मी प्रमाणपत्र साड्यांखालून काढून त्याच्या प्रती केल्या, सवलतींचा अर्ज लिहिला आणि एका सोमवारी शाळा उघडताच तिथे हजर झालो.

“दोन प्रती आहेत,” मी कार्यालयातल्या मुलीला म्हणालो. “एक तुमची. दुसरीवर आवक शिक्का, सही, तारीख.”

“आजोबा, असं इथं कुणी मागत नाही. ठेवून जा ना, मी देते मॅडमना.”

“दिल्याचा पुरावा?”

“मॅडम राऊंडवर आहेत.”

“फिरू द्या. मी बसलोय.”

मधल्या सुट्टीत नात समोरून गेली. थबकली. “आजोबा, तुम्हाला पण वर्गाबाहेर काढलं?” ती आणि तिच्या मैत्रिणी हसल्या, मीही हसलो. त्या शाळेत तिला हसताना मी पाहिले ते तेवढेच.

शाळा सुटता सुटता मुख्याध्यापिका बाहेर आल्या. “उपोषणाला बसलात का?”

“नाही. डबा आणलाय.”

“अर्ज पालकांनी करायचा असतो. तुम्ही आजोबा आहात.”

“मग नाकारा. पण लेखी नाकारा!” आवाज चढला तो इथे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग त्या मुलीला म्हणाल्या, “मारून टाक शिक्का. जाऊ दे त्यांना.”

माझी चूक यानंतरची आहे आणि तिचा आरोप आजवर माझ्यावर कोणीच केलेला नाही. शिक्का पडला म्हणजे काम मार्गी लागले, या उभ्या आयुष्याच्या समजुतीने मी ती पोच खिशात घालून विजयी वीरासारखा घरी आलो. जेवताना मुलापुढे धरली. तो वरणभात कालवत राहिला. घास उचलला नाही. स्वतः गेलो नाही याची त्याला लाज वाटत असावी, असे मी समजलो. त्याला काहीही विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेने कळवले की नववीनंतर नातीचे नाव कमी होईल. म्हाताऱ्याने शाळेला दुखावले, असा निकाल सगळ्यांनी त्याच दिवशी लावला.

नववी संपल्यापासून नात आणि मी, आम्ही दोघे घरात आहोत. लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रेलरांनी खिडकीची जाळी थरथरते. मी धडे वाचतो, ती ऐकते. “आजोबा, भूगोल वाचताना तरी भांडू नका ना,” असे म्हणते. दुपारी मैत्रिणींची बस खाली थांबली, की ती उठून आत जाते आणि बस गेल्यावर बाहेर येते. आपली शाळा आजोबांनी घालवली, असे तिलाही वाटते. तिने ते कधी बोलून दाखवलेले नाही. मी खरे सांगावे तर बाप तिच्या नजरेतून उतरतो. गप्प राहावे तर मी. गुडघ्यांमुळे मला आता जिने उतरवत नाहीत, आणि उतरून जाणार तरी कुठे? घर मुलाचे आहे.

खरे मला गेल्या महिन्यात कळले. दहावीला बाहेरून बसण्याच्या फॉर्मसाठी नातीचे प्रमाणपत्र हवे होते. फाईल उघडली, तर त्याच्या मागे मुलाच्या अक्षरातला एक अर्ज निघाला: “मी माझ्या मुलीस नववीनंतर स्वेच्छेने शाळेतून काढत आहे.” खाली सही. कोपऱ्यात शाळेचा शिक्का. कागद दिला की पोच घ्यायची, हे मीच त्याला कॉलेजात असताना शिकवले होते. त्याने ते पाळले.

कारखान्यातल्या पहिल्या पाळीहून थकून आलेल्या माझ्या मुलाला एकट्याला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसवून काय सांगितले गेले असेल, याची मला कल्पना आहे. मी त्याला भित्रा म्हणत नाही. कागद होता तिथे ठेवला आणि मरेपर्यंत तोंड उघडणार नव्हतो. पण रविवारी त्याने त्या बाईंना परत पाठवले.

बाई, तुमचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तो द्या, पोच घ्या, आणि कोणी एकटीला आत बोलावून सही मागितली, तर कागद घरी घेऊन या. अर्जाने माझ्या नातीची शाळा गेली नाही. मुलाच्या कागदावरचा शिक्का गुरुवारचा आहे, आणि मी त्या शाळेची पायरी पहिल्यांदा चढलो तो त्यानंतरचा सोमवार होता.