वसंतकाकांच्या बेसमेंटमधलं मतदान

चूक. साफ चूक लिहिताय तुम्ही सगळे.

सकाळपासून ग्रुपवर एकच चाललंय, "सिटिझनशिपची उत्तरं पाठ करून घेणारे काका गेले."

वसंतकाका पाठ करून घेत नव्हते, यार.
विरोधात बोलायला शिकवत होते.

इथे व्हर्जिनियातल्या हर्नडनमधलं त्यांचं बेसमेंट. दर रविवारी अमेरिकन सिटिझनशिपच्या परीक्षेचा क्लास, एकदम फ्री. काका नागपूरचे, रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर. समोर माझी आई आणि चार-पाच काकू-मावश्या. मागे आईला सोडायला आलेली मी.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "ब्रेकमध्ये चहा की कॉफी?"

"काका, तुम्ही म्हणाल ते."

"मी राजा आहे का? राजाला घालवायला या अमेरिकन लोकांनी लढाई केली. वोटिंग करा!"

त्यांनी कॉफीला हात वर केला.
लगेच सगळ्यांचे हात वर. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं!

काका वैतागले. चिठ्ठ्या वाटल्या. गुप्त मतदान.

चिठ्ठ्या उघडल्या, तर प्रत्येकीने खाली सही केलेली.
माझ्या आईने तर वर "आपली नम्र" पण लिहिलेलं.

"काय बाप्पा हे! अर्ज करताय का माझ्याकडे?"

मग काकांनी ऑगस्टमध्ये जेम्सटाउनला ट्रिप न्यायचं ठरवलं आणि क्लासमध्ये मतं मागितली. निवडून आलेल्या लोकांची अमेरिकेतली पहिली सभा चारशे वर्षांपूर्वी तिथल्या चर्चमध्ये बसली होती, तीही भर उन्हाळ्यात. उकाड्याने एक मेंबर गेला म्हणे.

आई उभी राहिली.

"काका, माझं मत विरोधात. तो गेला ना उन्हाने? मग आपण कशाला जायचं? ऑक्टोबरमध्ये जाऊ."

तिच्या मागून बाकीच्यांचे हात वर गेले.
काका हरले. एकटे.

इतका खूश झालेला हरलेला माणूस मी आजवर पाहिला नाही.

ऑक्टोबरमध्ये गेलो. मी तिथे वाद घातलाच. "काका, त्याच उन्हाळ्यात व्हर्जिनियात गुलामांचं जहाज आलं. सभेत मत कुणाला होतं? फक्त पुरुषांना. ही कसली लोकशाही?"

"मग तेही सांगा, लेखिकाबाई. मोठ्याने सांगा. अर्धंच सांगितलं तर ती जाहिरात झाली."
थोडं थांबून म्हणाले, "ज्यांना त्या मतदानात धरलंच नव्हतं, त्यांनी भांडून भांडून जागा घेतली. म्हणून मला याचा अभिमान आहे. त्या सभेतल्या साहेबांचा नाही."

आज पहाटे काका गेले.
आज अकराला आईचा सिटिझनशिप इंटरव्ह्यू आहे.

आई म्हणाली, "कॅन्सल कर. आज कसं जायचं?"

मी वसंतकाकांच्या घरी, काकूंना फोन लावून दिला.

काकू रडत होत्या. तरी म्हणाल्या, "फ्युनरल शनिवारी आहे. आज इथे येऊन काय करणार तू? हे असते तर ओरडले असते."

"पण काकू..."

"मग तू ठरव. मी सांगणार नाही."

आईने फोन ठेवला.
मग उठली. साडी बदलली. मला म्हणाली, "जायचंय. माझं ठरलंय."

कुणाला विचारलं नाही. बाबांना पण नाही.

काका, तुमच्या क्लासचा केवढा अभिमान वाटतोय, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.
सुखाने जा.

बाकीच्यांनो, काय भांडायचं ते कमेंटमध्ये भांडा. मी वाचत नाहीये.
आई गाडीत जाऊन बसलीये, हॉर्न वाजवतेय.

निघाले.