गाव आलं की जागा बदलायची

९ मे. डिकीत सामान लावायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरात बाकी सगळ्यांचा समज असा, की डिकी रबराची असते. नवऱ्याने एक बॅग आणि बऱ्याच सूचना आणल्या. मुलीने चार्जर आणले. सासूबाईंनी तुरीच्या डाळीच्या पिशव्या आणल्या, वाटेतल्या प्रत्येक पाहुण्याची वेगळी. त्या पिशव्या बघूनच मला कळलं, की आपण नातेवाइकांकडे चाललो आहोत. समुद्र शेवटी, सुट्टी उरली तर.

ठरलं होतं ते असं: नांदेडहून निघायचं, लातूरला थोरल्या दिरांकडे मुक्काम करायचा आणि मग सोलापूर, विजापूर करत गोकर्ण गाठायचं. शेजारीपाजारी 'गोकर्णाच्या महादेवाला चाललो' असं सांगितलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने नुसता समुद्र बघायला जाणं सासूबाईंना बरं दिसत नव्हतं. पण गेला आठवडाभर स्वयंपाकघरात त्यांनी महादेवाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

"दुसरा काठ दिसतच न्हाई म्हणत्यात. खरं हाय का?"

"खरं आहे, आत्या."

"मग पाणी थांबतं कुठं?"

मी म्हटलं, जाऊन बघा.

गाडी मी चालवते. हदगावच्या शाळेत नोकरी लागल्यापासून रोज जाऊन-येऊन. कापसाच्या ट्रॅक्टरमागून, म्हशींमधून, पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली गेले की अंदाजाने. नवऱ्याकडेही लायसन आहे. ते रविवारी भाजी मंडईपर्यंत गाडी नेतात आणि परत येऊन घाम पुसत 'ट्रॅफिक लई वाढलं' म्हणतात. मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायची त्यांना भीती वाटते, आणि ते गर्दीत चालवत असले की इतरांना.

अहमदपूर जवळ आलं तशी मागून सासूबाईंनी माझ्या खांद्याला बोट लावलं.

"थांबव. जागा बदला."

"कामून?" नवऱ्याने विचारलं.

"मामाचं घर हाय. सून चालवून राहिली अन् पोरगं बाजूला बसून राहिलं, हे बरं दिसतं का? गाव आलं की तू चालवायची. गाव सुटलं की हिच्याकडं."

मी हरकत घेतली नाही. दोन किलोमीटरने कुणाची इज्जत राहत असेल तर तेवढं पेट्रोल आम्हाला परवडतं. झाडाखाली गाडी उभी केली, उतरले, फिरून बसले. नवऱ्याने सीट मागे घेतली, आरसा हलवला, गॉगल लावला. मुलगी म्हणाली, "पप्पा, आता चालवा पण."

मामांच्या गल्लीत आम्ही पिठाच्या गिरणीसारखा आवाज करत शिरलो. गाडी दोनदा बंद पडली. मामा दारातच उभे होते.

"नांदेडवरून एकट्यानं आणली? लई हिमतीचा निघाला की भाचा!"

"रस्ता चांगला झालाय मामा," नवरा नम्रपणे म्हणाला. मग भरल्या ताटावर त्यांनी लोह्याजवळ आपण उसाच्या दोन ट्रॉल्यांना कसं ओव्हरटेक केलं, ते तपशिलात सांगितलं. ओव्हरटेक मी केला होता. त्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे तपशील कुठून आले ते मला समजलं नाही. मुलीला ठसका लागला. मामींनी तिला पाणी दिलं.

जेवण, आंबा, चहा, डाळीची पिशवी, ओटी, पुन्हा चहा असं करत चार वाजले. गावाबाहेर पेट्रोल पंपावर मी पुन्हा स्टिअरिंग घेतलं. ते इतकं तापलं होतं की ओढणी गुंडाळून धरावं लागलं.

लातूरला पोचलो तेव्हा सगळे क्लास एकदम सुटले होते. रस्त्यावर डॉक्टर होऊ घातलेली अख्खी पिढी सायकली आणि स्कूट्या घेऊन उतरली होती. मी म्हटलं, "इथं राहू द्या, दारापर्यंत मीच नेते." मागून सासूबाई म्हणाल्या, "इथं तर थोरला राहतो." झालं. जागा बदलली.

चौकात आमची गाडी हळूच मागे घसरली आणि एका ऑटोला टेकली. ऑटोवाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "अहो काका, पुढं जायचंय का मागं, एकदा घरच्यांना विचारून घ्या!" काकांनी गॉगल नीट केला.

दिरांच्या गेटपाशी मात्र कहर झाला. डाव्या बाजूने खांब घासला तो घासलाच, पण खांब चुकवायच्या नादात उजवीकडचा निळा ड्रम आडवा झाला. त्या दिवशी आठवड्याने नळ आला होता. जाऊबाईंनी दुपारभर उभं राहून भरलेलं पाणी गल्लीतून उताराला लागलं, आणि आजूबाजूच्या बायका माणूस चिरडल्यासारख्या धावत बाहेर आल्या.

दीर गाडीपाशी आले. त्यांनी हात पुढे केला. नवऱ्याने चावी दिली. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गेली.

"उद्या ही गाडी इथून हालत न्हाई," ते चहा घेताना म्हणाले. "दारात ड्रम उभा असलेला दिसत न्हाई, अन् हा घाट उतरणार? अन् गाडीत आई! चार दिवस राहा, आंबे खा. नांदेडला यष्टीनं जा. लग्नसराई सरली की डायवर बघून गाडी पाठवतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मी त्यांना गच्चीवर गाठलं.

"खरं काय ते सांगा त्यांना."

"सकाळी सांगतो."

"सकाळी म्हणजे दादा चावी खिशात घालून फिरायला गेल्यावर?"

"तू सांग ना मग."

मी सांगितलं असतं तर थोरल्या दिराच्या घरी, पाहुणी म्हणून येऊन, सुनेने नवऱ्याचं हसं केलं असं झालं असतं. वर कुणी विश्वासही ठेवला नसता. नियम जिचा, तिनेच तो मोडायला हवा होता.

जेवायला बसलो. दिरांनी विषय पुन्हा काढला.

"आई, तूच सांग. नांदेडवरून कसं आणलं यानं तुला? जीव मुठीत धरून बसली असशील."

सासूबाईंनी घास चावला. "मी झोपले होते," त्या म्हणाल्या. वाटेतला एकही मैलाचा दगड वाचायचा सोडला नव्हता त्यांनी.

जाऊबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "नाहक एवढ्या लांब कशाला, आत्या? महादेवच ना? इथला महादेव काय कमी हाय? उद्या पहाटेच अभिषेक करून येऊ. मोकळं असतं."

महादेव सासूबाईंनीच पुढे केला होता, आणि तो लातुरातही आहे. त्यांचा हात ताटातच राहिला. त्यांनी एकदा थोरल्याकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे. धाकटा वरण ओरपत होता.

"महादेव लई बघितले," त्या म्हणाल्या. "मला समुद्र बघायचाय."

दिरांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"अन् गाडी हा न्हाई चालवत. ही चालवते." त्यांनी भाकरीच्या तुकड्याने माझ्याकडे खूण केली. "हा गावात शिरताना तेवढा बसतो. मीच सांगितलं होतं तसं."

दिरांना हिशोब लागायला वेळ लागला. "मग आज ड्रम कुणी पाडला?"

"ड्रम ह्यानंच पाडला."

"ड्रम रस्त्यात होता," नवरा म्हणाला. दिवसभरात त्यांनी स्वतः केलेल्या गोष्टीबद्दलचं हे पहिलंच वाक्य होतं.

"आज्जी, पप्पांनी उसाच्या ट्रॉल्या…" मुलीने सुरुवात केली. मी तिच्या ताटात भात वाढला.

"बाईमाणूस घाटात गाडी घालणार?" दीर म्हणाले. "सकाळी बघू."

त्यांनी चावी खिशातून काढली नाही. पण सासूबाईंनी त्याच वेळी उठून आपली पिशवी दाराशी नेऊन ठेवली आणि तिच्या शेजारीच अंथरूण घातलं. त्यांना ओलांडल्याशिवाय सकाळी कुणालाही फिरायला जाता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी टँकरवाल्याला फोन केला आणि जाऊबाईंचा ड्रम काठोकाठ भरून घेतला. मग दिरांसमोर हात पुढे केला आणि म्हटलं, "दादा, चावी. ऊन व्हायच्या आत सोलापूर गाठायचंय." सासूबाई गाडीच्या पुढच्या दारापाशी उभ्या होत्या, हँडल धरून. दिरांनी चावी दिली. शेजाऱ्यांची मोटारसायकल बाजूला घ्यायला लावून मी गाडी उलटी काढत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. दीर मागून 'येऊ द्या, येऊ द्या' करत हात हलवत होते. त्यांना बाजूला व्हायला सांगावं लागलं.

औशात नवऱ्याची मावसबहीण राहते, अगदी हमरस्त्याला. मी थांबले नाही.