शरणप्पाच्या विमानाचा डावा पंख

शरणप्पा ट्रकच्या बॉड्या बांधायचा. लातूर जिल्हा झाला आणि त्याच्या डोक्यात विमान शिरलं. येत्या एक मेला मैदानावर उडवून दाखवतो, असं त्यानं गावभर सांगून ठेवलं. आता न उडवलं तर शोभाच होती. सांगाडा उभा राहिला, घोडं अडलं ते पंखांच्या आवरणावर.

पत्रा लावून पाहिला, तर पंख दोघांना उचलेना. प्लायवूडचे उन्हानं पापुद्रे सुटले. राहिलं मांजरपाटाचं कापड. पण ते ढोलावाणी ताठ बसायला हवं, आणि कापड ताणून धरणारा विमानाचा खरा लेप लातुरात कुठला मिळायला? या शहाण्यानं घोंगडीवाल्यांची युक्ती उचलली. चिंचोक्याची खळ शिजवली, वर घट्टपणासाठी ज्वारीचं पीठ ओतलं.

"दुष्काळ हाय, आन् तुमी पीठ पंखाला चारायलात," त्याची बायको महानंदा म्हणाली. त्यानं हसण्यावारी नेलं.

पंख दारापुढं वाळत टाकून तो जेवायला बसला. बाहेर आला तर भामाबाईची गाय डावा पंख खात होती. अर्धं कापड पोटात गेलं होतं. त्याचं डोकं फिरलं. लाकडी पट्टी घेऊन त्यानं तिला बडव बडव बडवलं. गाय हलली नाही. मार खात खात चावतच राहिली.

भामाबाई मागच्या गल्लीतली, दुष्काळी कामावर खडी फोडणारी. आरडाओरडा ऐकून ती धावत आली आणि तिनंच हात जोडले.

"मारू नका, दादा. चार दिस झाले, काडी न्हाई तिच्या पोटात. पिठाचा वास आला आसंल."

मग ती घरी जाऊन घडी केलेलं लुगडं घेऊन आली. "नुकसान लई झालं तुमचं. धडकं हे एकच हाय. ह्यात पंख व्हतो का बघा."

शरणप्पानं ते घेतलं. सवयीनं पन्ना मोजला, लांबी मोजली आणि म्हणाला, "पुरतंय."

बोलून गेल्यावर त्याचं लक्ष तिच्या अंगावरच्या लुगड्याकडं गेलं. ठिगळावर ठिगळ होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आपण माणूस आहोत का कोण, असंही वाटलं. त्यानं घडी तिच्या हातात परत कोंबली, पण तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत होईना. नजर वळवली, तर समोर गाय उभी होती आणि तिच्या पाठीवर पट्टीचे वळ फुगून आले होते.